साखळी-करवतीचे वारंवार होणारे बिघाड



पावसाळ्यात रस्त्यावर झाड कोसळले की गावाची भिस्त साखळी-करवतीवर असते. पलीकडे रुग्णवाहिका खोळंबलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी दोरी ओढून ओढून हात दुखले तरी करवत सुरू होत नाही. मेकॅनिक प्लग बदलतो, करवत चालू होते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडते. एकच बिघाड असा पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर त्याचे मूळ बहुधा निगेतील उणिवेत असते.

पहिले मूळ इंधनात सापडते. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच. अनेक करवतींसाठी हे प्रमाण 50 भाग पेट्रोलास 1 भाग तेल, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर असते. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाणच प्रमाण मानावे. तेल कमी पडल्यास पिस्टन घासून इंजिन जाम होते. अधिक झाल्यास प्लगवर काजळी धरते. शिवाय आजच्या पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. असे इंधन टाकीत महिनोन्‌महिने राहिले, की कार्ब्युरेटरमधील पातळ पडदे कडक होतात व बारीक छिद्रे बुजतात. म्हणून करवत ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि उरलेसुरले इंधन संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालवावे.

दुसरे मूळ हवेच्या गाळणीत असते. ती भुशाने भरली, की इंजिन भाराखाली दम सोडते. अशा वेळी कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसण्यापूर्वी गाळणी स्वच्छ करून पाहावी.

तिसरे मूळ साखळीत असते व त्याची साक्ष भुसाच देतो. धारदार साखळी लाकडाच्या चिपट्या काढते. बोथट साखळी पिठासारखी बारीक पूड पाडते. काप एका बाजूला वळत असेल, तर बहुधा डाव्या-उजव्या दातांना सारखी कानस लागलेली नसते. साखळी पट्टीवरून वरचेवर उतरत असेल, तर ताण तपासावा. पट्टी तापून धूर येत असेल, तर साखळीच्या तेलाची टाकी व तेलाचे छिद्र पाहावे.

इंजिन मंद गतीवर असतानाही साखळी फिरत राहिली, तर मात्र करवत त्वरित बंद करावी. मंद गती योग्य करूनही साखळी थांबत नसेल, तर दोष क्लचमध्ये असू शकतो. तो दुरुस्त होईपर्यंत करवत वापरू नये. साखळीचा ब्रेक निकामी असल्यासही हाच नियम लागू होतो. कोणतीही तपासणी इंजिन थंड झाल्यावर, प्लगची टोपी काढून व हातमोजे घालूनच करावी.

प्रत्येक करवतीसोबत एक साधी नोंदवही असावी. इंधन कधी भरले, गाळणी कधी धुतली, धार कधी लावली, कोणता बिघाड कितव्यांदा झाला, हे तीत लिहावे. तोच बिघाड तिसऱ्यांदा लिहिण्याची वेळ आली, तर नवा भाग मागविण्यापूर्वी मागची पाने चाळावीत. त्या बिघाडाचे कारण बहुधा तेथेच आढळेल.