ग्रंथ तेच, मांडणी बिघडली



ग्रंथालयात ग्रंथ किती आहेत, याइतकेच ते कोठे व कसे लावले आहेत यालाही महत्त्व असते, हे ग्रंथप्रेमी सभासदांना सांगावयास नको. मनुष्याच्या पेशीतही हाच न्याय चालतो. एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर सुमारे २ मीटर भरतो. आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात! हिस्टोन नामक प्रथिनांभोवती गुंडाळत, वळसे घेत तो तेथे नांदतो. या वळशांमुळे जनुक आणि त्याला चेतविणारी दूरची कळ एकमेकांजवळ येतात. एका दालनातील कळ दुसऱ्या दालनातील जनुकापर्यंत पोहोचू नये, यासाठी सीटीसीएफ हे प्रथिन मधल्या भिंती राखते. २००९ मध्ये हाय-सी ही पद्धत आली आणि या घड्यांचा नकाशा काढता येऊ लागला.

कर्करोग म्हणजे जनुकातील अक्षरांचा बिघाड, अशी सर्वसाधारण समजूत. ती खोटी नाही, अपुरी आहे. ग्लायोमा या मेंदूच्या अर्बुदाच्या एका प्रकाराविषयी २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, की आयडीएच जनुक बिघडल्याने डीएनएवर मिथिल गटांच्या खुणा वाढतात. खूण पडलेल्या जागी सीटीसीएफला बसता येत नाही; भिंत ढासळते, आणि शेजारच्या दालनातील कळ पीडीजीएफआरए या पेशीवाढीच्या जनुकाला चेतविते. त्या जनुकाचे एक अक्षरही न बदलता हा अनर्थ घडतो.

याच्याशी नाते सांगणारे संशोधन भोपाळातही झाले आहे. २००८ मध्ये येथे स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व अनुसंधान संस्थेतील डॉ. संजीव शुक्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. सीटीसीएफचे भावंड असलेले बोरिस हे प्रथिन पीकेएम जनुकातील मिथिल खुणांच्या जागी बसते. परिणामी ग्लुकोज वापरण्याची पेशीची रीतच अर्बुदाच्या वाढीस सोयीची होते.

या साऱ्याचे मोल रुग्णाच्या बाजूने जोखावे. बिघडलेले अक्षर दुरुस्त करणे फार कठीण. मिथिल खूण मात्र पुसता येते. ग्लायोमाच्या पेशींवर प्रयोगशाळेत तसे औषध वापरले, तेव्हा ढासळलेली भिंत काही अंशी पुन्हा उभी राहिली. याला उपचार म्हणणे उतावीळपणाचे ठरेल; परंतु आशेला जागा आहे. जळालेला ग्रंथ परत मिळत नाही. चुकीच्या कपाटात गेलेला ग्रंथ, शोधणारा चिकाटीचा असेल, तर आपल्या जागी परत येतो.