मुक्कामाचा वारसा



प्रवासाहून परतलेल्यास आपण मराठी माणसे ‘कुठे उतरला होतात?’ असे विचारतो. घोड्यावरून, गाडीवरून उतरायचे आणि ओझे खाली ठेवायचे, हा सारा अर्थ त्या एका क्रियापदात आहे. जुन्या वास्तूंतील मुक्कामाविषयी बोलताना मला प्रथम तेच आठवते.

महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी जेथे बसले, जेवले, वसतीस राहिले त्या देवळांची आणि मठांची नोंद आहे. मुक्कामाची जागा नोंदवण्याजोगी असते, ही जाणीव मराठीत इतकी जुनी आहे. पुढे 1857 मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेस निघाले. ते झाशीत मुक्कामास असतानाच 1858 मध्ये शहरास वेढा पडला. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मुळे एका भिक्षुकाचा मुक्काम इतिहासाची साक्ष ठरला.

आपल्या इंदुराजवळचे महेश्वर पाहा. अहिल्याबाई होळकरांनी (1725–1795) तेथून कारभार केला आणि देशभरच्या तीर्थक्षेत्री मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. त्याच महेश्वरच्या किल्ल्यातील निवासस्थान होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर यांनी 2000 साली पाहुण्यांसाठी हॉटेल म्हणून खुले केले. यावर नाक मुरडणारे मला भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. कुलूप लावलेला वाडा वाळवी खाते, भिंतीत पिंपळ रुजतो. माणसे राहती असली की छप्पर शाकारले जाते, दिवा लागतो.

माझी चिंता निराळी आहे. विद्यार्थिदशेत मी नर्मदाकाठच्या एका धर्मशाळेच्या ओवरीत झोपलो होतो. शेजारी परिक्रमावासी होते. तेथे कोणी भाडे विचारले नाही, ‘कुठून आलात?’ एवढेच विचारले. वाड्याचे हॉटेल झाले, तर त्याची निगा राखणारा मालक असतो. धर्मशाळेला उत्पन्न नाही, विश्वस्त पांगतात, आणि एके दिवशी जागेची किंमत वास्तूहून मोठी ठरते. श्रीमंतांचा मुक्काम अशा रीतीने जतन होईल. गरीब यात्रेकरूचा मुक्काम मात्र आठवणीतूनही जाईल.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एकच मागणे आहे. आपल्या गावची एक धर्मशाळा निवडा. तिचा शिलालेख उतरवून घ्या, ओवऱ्या मोजा, तेथे राहिलेल्या वृद्धांना बोलते करा आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. आपल्या काळाची ती स्थानपोथी होईल.