मत आणि प्रसंग

आत्मचरित्र लिहिणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या मंडळींनो,

मी मेंदूचा डॉक्टर. मला अध्यक्ष केलंत, यात माझ्या लायकीपेक्षा तुमचं धाडस जास्त. त्यामुळे उसनी साहित्यचर्चा न करता माझ्याच दुकानातला माल काढतो.

केंट कॉक्रेन हा कॅनडातला तरुण. 1981 साली, तिशीत असताना मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींची मोट बांधणारा भाग, निकामी झाला. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं. त्याला बुद्धिबळ खेळता येई, पण पूर्वी कधी खेळल्याचं आठवत नसे. 1979 मध्ये मिसिसॉगात रसायनांची मालगाडी रुळावरून घसरली आणि दोन लाखांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. त्यात हाही होता. त्यातलं काहीच उरलं नव्हतं. उद्या काय करणार, असं विचारलं तरी डोक्यात कोरी पाटी.

अशा माणसाला ‘मी’ असेल का? टल्विंगनी त्याला स्वभावाची विशेषणं दिली आणि कुठली लागू पडतात ते विचारलं. अपघातानंतर त्याचा स्वभाव पालटला होता, पूर्वीचा मोकळाढाकळा गडी अबोल झाला होता. त्यानं वर्णन केलं ते या नव्या माणसाचं, आणि त्याच्या आईनं केलेल्या वर्णनाशी ते जुळलं. एकही प्रसंग हाताशी नसताना!

म्हणजे ‘मी असा आहे’ हे मत आणि ‘माझं असं झालं’ हा प्रसंग, यांची खाती वेगळी. ‘मी लहानपणापासून हट्टी’ हे वाक्य लिहिताना मेंदूला एकही आठवण उघडावी लागत नाही. म्हणूनच ते इतकं झरझर उतरतं.

स्वतःविषयी विचार करताना कपाळामागचा, मेंदूच्या मध्यरेषेलगतचा भाग विशेष जागा होतो. 2007 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी पाहिलं, की चिनी विद्यार्थ्यांमध्ये आईविषयी विचार करतानाही तोच भाग जागा होतो, पाश्चात्त्य विद्यार्थ्यांमध्ये मात्र तो स्वतःपुरताच. आपल्याकडे ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ आहे, त्याला सामावून घेणारं ‘आपण’ आहे, आणि ‘आपण बरं, आपलं काम बरं’ म्हणताना तेच ‘आपण’ एकट्याचंही होतं. भाषेनं हे आधीच ओळखलं होतं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरतो. मेंदू तपासणाऱ्या त्या यंत्रात मराठी माणसं झोपलेली नव्हती.

मतांच्या खात्याची एक खोड मात्र रोज पाहतो. स्मृतिभ्रंशाच्या आजी ठणकावून सांगतात, “अजून सगळा स्वयंपाक मीच करते.” खोटं बोलत नाहीत हो त्या. स्वतःबद्दलची जुनी नोंद तशीच राहिलेली असते, नवी चढतच नाही. मागे उभी असलेली सून माझ्याकडे बघत नुसती मान हलवते. तुमची हस्तलिखितं वाचताना मला ती सून फार आठवली. विशेषणांची रेलचेल होती, मान हलवणारं कुणी नव्हतं.

दुपारच्या सत्रात वाचन करणाऱ्या एका लेखिकेच्या आई सभागृहात आल्या आहेत, असं कळलं. त्यांच्या शेजारची खुर्ची मी माझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे.