माँटगोमेरीचा चौक



अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. तेथे नगरदर्शनास निघालेल्या पाहुण्यांना वाटाड्या कोर्ट स्क्वेअर चौकात आणतो. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्सबाई येथेच बसमध्ये चढल्या. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. मग ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. मोलकरणी, मजूर रोज कामावर पायी जात. अखेर बसमधील वर्णभेद न्यायालयाने बेकायदा ठरविला.

परंतु याच चौकात पूर्वी गुलामांचा लिलाव होत असे. तेही सांगितल्यावाचून त्या नकाराचे मोल कसे कळावे? विजयाची जागा कोणीही हौसेने दाखवील. लाजेची जागाही जो दाखवितो, तोच खरा वाटाड्या.