ज्युलियाची बेकरी

आज आम्ही दूरची एक गोष्ट सांगणार आहोत.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे. तिथं ज्युलिया थॉमस या बाईची स्वतःची बेकरी होती. १८९१ मध्ये मोठा पूर आला. जेकब वॉल्ट्झ या म्हाताऱ्या जर्मन माणसाचं शेत बुडालं. आजारपणात ज्युलियानं त्याची सेवा केली. ऑक्टोबरमध्ये तो वारला. जाताना त्यानं सुपरस्टिशन डोंगरातल्या आपल्या सोन्याच्या खाणीची वाट सांगितली, असं म्हणतात.

१८९२ च्या उन्हाळ्यात ज्युलियानं बेकरी विकली आणि दोघांना सोबत घेऊन डोंगर धुंडाळला. हाती काही लागलं नाही. पुढं खाणीचे नकाशे विकून तिनं दिवस काढले, असं सांगतात.

१९३१ मध्ये ॲडॉल्फ रूथ हा वयस्क माणूस नकाशा घेऊन त्याच डोंगरात शिरला. सहा महिन्यांनी त्याची कवटी सापडली. खाण आजवर कुणालाच सापडलेली नाही.

आपल्याकडंही ‘तुमच्या घराखाली हंडा आहे’ म्हणणारा येतोच की! आधी पूजेचे पैसे, मग कोंबडं, मग गळ्यातली पोत. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

ज्युलियाची खरी खाण तिची बेकरीच होती. म्हणून बायांनो, असा कुणी दारात आला, तर पैसे काढण्याआधी गोष्ट गटाच्या बैठकीत मांडा. चार जणींसमोर बोललं की हंड्याचं खरंखोटं लगेच कळतं.