खजिन्याची किल्ली कोणाच्या हाती?

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२५ सालच्या १ ऑक्टोबरला अमेरिकेचे केंद्र सरकार बंद पडले आणि १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस दिवस, बंद राहिले. युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, खजिनाही रिकामा नव्हता. नव्या आर्थिक वर्षाच्या खर्चाला विधिमंडळाची मंजुरी वेळेत मिळाली नाही, एवढेच कारण. लक्षावधी कर्मचारी बिनपगारी घरी बसले किंवा बिनपगारी कामावर राबले. सुमारे सव्वाचार कोटी गरिबांना अन्नासाठी जी सरकारी मदत मिळते, ती नोव्हेंबरात अडली. त्याआधी २०१८-१९ मध्ये असाच बंद पस्तीस दिवस चालला होता. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात हे घडते आणि त्याची झळ कोणाला लागते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारी रोख्यांचे व्याज थांबले नाही. थांबला तो झाडूवाल्याचा, पहारेकऱ्याचा आणि कारकुनाचा पगार.

हा प्रकार अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेला नाही. मंजुरीवाचून खर्च करू नये, असा तेथील कायदा एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण मंजुरी लांबली तरी खाती कसेबसे काम चालवीत असत. १९८० साली तेथील ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून मंजुरी नसेल तर कुलूप, हा शिरस्ता पडला. मंजुरी होईपर्यंत जुन्या दराने खर्च आपोआप चालू राहावा, अशी विधेयके तेथे अनेकदा मांडली गेली. २०२५ अखेर त्यांतील एकही संमत झाले नव्हते. याउलट जर्मनी आणि स्पेन या देशांच्या राज्यघटनांतच अर्थसंकल्प लांबल्यास काय करावयाचे, याची सोय आहे.

आपल्याकडे काय?

भारताच्या राज्यघटनेतही खजिन्याला कुलूप आहेच. कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. केंद्रासाठी अनुच्छेद ११४ आणि राज्यांसाठी २०४ हे सांगतात. ३१ मार्चच्या रात्री मागील वर्षाची मंजुरी संपते. १ एप्रिलला नवी मंजुरी नसेल, तर काष्टीच्या शाळेतील शिक्षकाचा पगार काय आणि मंत्रालयातील सचिवाचा पगार काय, दोन्ही सारखेच बेकायदा ठरतील. तथापि घटनाकारांनी कुलपाशेजारी एक लहान किल्लीही ठेवली. तिचे नाव लेखानुदान. अनुच्छेद ११६ आणि २०६ अन्वये सभागृह पुऱ्या अर्थसंकल्पाची चर्चा होईपर्यंत काही महिन्यांपुरता खर्च मंजूर करू शकते. यामुळेच आपल्याकडे अमेरिकेसारखा बंद झालेला नाही.

ही किल्ली मात्र सभागृहाच्या हातात आहे. सभागृहच बसले नाही, तर काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९६८ च्या मार्चमध्ये पंजाबात तो प्रत्यक्ष उभा राहिला. लछमनसिंग गिल यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ होते, सभागृहात गोंधळ माजला होता. ७ मार्चला सभापतींनी सभागृह तब्बल दोन महिन्यांसाठी तहकूब केले. अर्थसंकल्प संमत व्हावयाचा होता आणि वर्ष संपावयास चोवीस दिवस उरले होते. राज्यपाल पावटे यांनी ११ मार्चला सत्रसमाप्ती केली, १३ मार्चला वटहुकूम काढला आणि १८ मार्चला सभागृह पुन्हा बोलाविले. वित्तीय कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाच्या स्वतःच्या संमतीवाचून त्याची बैठक तहकूब करता येणार नाही, असे त्या वटहुकमात होते. सभापतींनी तो जुमानला नाही. उपसभापतींनी आसन घेऊन विनियोजन विधेयके संमत करून घेतली. हे सारे उच्च न्यायालयाने अवैध ठरविले, पण ३० जुलै १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले.

त्या निकालाचा आधार अनुच्छेद २०९ हा होता. वित्तीय कामकाज वेळेवर पुरे व्हावे म्हणून राज्याच्या विधिमंडळाला आपल्या कार्यपद्धतीचे नियमन कायद्याने करता येते, असे हा अनुच्छेद म्हणतो. म्हणजे सरकार बंद पडू नये यासाठी कायदा करण्याचा दरवाजा घटनेने उघडाच ठेवला आहे. पंजाबात त्या दरवाजातून विधिमंडळ गेले नाही, राज्यपाल गेले, हा त्या प्रकरणातील खरा धडा आहे.

२०१६ साली उत्तराखंडात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. १८ मार्चला विनियोजन विधेयक आवाजी मतदानाने संमत झाल्याचे सभापतींनी जाहीर केले. सत्ताधारी पक्षातील नऊ बंडखोर आमदार आणि विरोधी पक्ष यांनी मतविभागणी मागितली होती. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट आली आणि १ एप्रिलपासूनच्या खर्चासाठी केंद्राने लेखानुदानाचा वटहुकूम काढला. मे महिन्यात विश्वासदर्शक ठराव होऊन हरीश रावत यांचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले. मधल्या काळात सरकार बंद पडले नाही, हे खरे. परंतु एका राज्याच्या जनतेच्या पैशाचा निर्णय त्या राज्यातील एकाही निर्वाचित प्रतिनिधीच्या मताशिवाय झाला, हेही तितकेच खरे.

नागपूरचा धडा

सरकार चालू राहिले म्हणजे लोकशाही चालू राहिली, असे समीकरण कोणी मांडू लागला तर त्याला नागपूरचा इतिहास दाखवावा. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. राखीव खाती गव्हर्नरकडे, सोपीव खाती मंत्र्यांकडे. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. १९२४ च्या मार्चमध्ये त्या कौन्सिलाने अर्थसंकल्पातील मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरविला. विदर्भातील मराठी प्रतिनिधी ज्यात बसत होते त्या सभागृहाने परकी सरकारची तिजोरी रोखण्याचा हा सनदशीर प्रयत्न होता.

पुढे काय झाले? सरकार बंद पडले नाही. ते पडू नये याची तरतूद इंग्रजांनी कायद्यातच करून ठेवली होती. सभागृहाने नाकारलेली राखीव खात्यांची रक्कम गव्हर्नर आपल्या सहीने पूर्ववत करू शके आणि कोणतेही खाते चालू ठेवण्यासाठी आणीबाणीचा खर्चही मंजूर करू शके. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी तेच केले आणि मंत्री गेल्यावर सोपीव खातीही आपल्याकडे घेतली. सरकारचे गाडे अडू नये हा हेतू वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु तो साधण्याचा अधिकार एका माणसाच्या सहीत ठेवला, की सभागृह शोभेचे होते. नव्या कायद्याचा विचार करताना ही खूणगाठ बांधून ठेवली पाहिजे.

न दिसणारा बंद

आपल्याकडे कार्यालयांना कुलपे लागत नाहीत म्हणून सारे आलबेल आहे काय? मुळीच नाही. येथे बंद पडते ती चर्चा. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे पंचेचाळीस लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या गोंधळात, चर्चेवाचून, काही मिनिटांत संमत केल्या. २०१८ च्या मार्चमध्येही असेच झाले होते. वेळ संपली की उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मतास टाकावयाच्या, ही पद्धत वर्ष संपण्यापूर्वी काम उरकावे म्हणून आली. तिने बंद टळतो, पण हिशेब विचारण्याचा हक्कही टळतो.

महाराष्ट्राचे २०२४ साल पाहावे. लोकसभा निवडणूक तोंडावर होती म्हणून २७ फेब्रुवारीला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि लेखानुदान घेतले गेले. ते रीतसर होते. २८ जूनला सुमारे सहा लाख बारा हजार कोटींचा अतिरिक्त अर्थसंकल्प आला. त्याला दोन आठवडे होण्याच्या आत, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. डिसेंबरात नागपूरला आणखी ३५,७८८ कोटींच्या. ज्या खर्चाचा अंदाज अकरा दिवसांपूर्वी करता आला नाही, तो अकरा दिवसांनी कोठून उद्भवला? पुरवणी मागणी ही अडीअडचणीची सोय आहे. तिचाच राजमार्ग झाला, तर मूळ अर्थसंकल्प हा केवळ प्रस्तावनेचा कागद उरतो.

दुसरा बंद मंजुरीनंतरचा आहे. सभागृहाने रक्कम मंजूर करावी आणि वित्त विभागाने ती सोडूच नये. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीच्या काळात महाराष्ट्र सरकारने विकासकामांच्या तरतुदीपैकी फक्त तेहतीस टक्के रक्कम उपलब्ध होईल, असा निर्णय काढला. महसूल आटला होता, हे मान्य. परंतु सभागृहाने दिलेले दोन तृतीयांश काढून घेण्याचा निर्णय सभागृहात झाला नाही, एका शासन निर्णयाने झाला. आशा सेविकेचे मानधन, निराधार वृद्धेचे अनुदान, लहान कंत्राटदाराचे बिल महिनोन् महिने रखडते, तेव्हा त्या माणसांपुरते सरकार बंदच असते. वर्तमानपत्रात मात्र त्याचा मथळा होत नाही.

तिसरा बंद तर अगदी दाराशी आहे. या जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. घटनेच्या अनुच्छेद २४३-ई नुसार पाच वर्षांच्या आत निवडणूक व्हावयास हवी. सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या मे महिन्यात त्यासाठी आदेश द्यावा लागला. तोवर सलग तीन तरी अर्थसंकल्प अधिकाऱ्याने मांडले आणि अधिकाऱ्यानेच मंजूर केले. शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे, पाणीयोजना यांचा पैसा कोठे जावा, हे ठरविताना एकही निवडलेला सदस्य समोर नव्हता. एक दिवसही कार्यालय बंद पडले नाही. १९२४ चे नागपूर आणि हे चित्र यांत माणसे वेगळी आहेत; व्यवस्थेचा साचा मात्र ओळखीचा आहे.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. बैल एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि तोटा झाला तर त्या दोघांचा. म्हणून तो रुमाल कोणाला खुपत नाही. राज्याचा पैसा सर्वांचा असतो. तेथे रुमाल चालत नाही.

कायदा कसा असावा?

अर्थसंकल्प लांबला तर खर्च आपोआप चालू राहील, असा साधा राज्य कायदा पुरेल असे काहींना वाटते. अनुच्छेद २०४ पाहता तो टिकणे कठीण आहे, कारण विनियोजन दर वेळी विधिमंडळाच्या कायद्यानेच व्हावे लागते; त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. त्यापेक्षा अनुच्छेद २०९ अन्वये राज्याने स्वतःचा कायदा करावा, हा मार्ग जवळचा आणि लोकशाहीला धरून आहे. त्यात चार गोष्टी असाव्यात. पहिली, ठरावीक तारखेपर्यंत अर्थसंकल्प संमत झाला नाही, तर दुसरे सारे कामकाज बाजूला ठेवून लेखानुदान मतास टाकलेच पाहिजे आणि ते होईपर्यंत सभापतींना किंवा सरकारला सभागृह परस्पर तहकूब करता येऊ नये. दुसरी, या लेखानुदानात फक्त चालू सेवा असाव्यात: वेतन, मानधन, निवृत्तिवेतन, रेशन, दवाखाने, शाळा, टंचाईची कामे. नवी योजना, नवे कंत्राट, सरकारी जाहिरात यांना त्यात जागा नसावी. तिसरी, प्रत्येक मोठ्या खात्याच्या मागणीला चर्चेचे किमान तास कायद्याने राखून ठेवावेत. चौथी, मंजूर रक्कम रोखावयाची असेल तर तिचे निवेदन कारणांसह सभागृहापुढे ठेवून मान्यता घ्यावी. जिल्हा परिषदेच्या कायद्यातही दुरुस्ती हवी: प्रशासकाला चालू सेवांपुरताच आणि काही महिन्यांपुरताच खर्च मंजूर करता यावा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. पैसा नाकारणे हे विरोधकांचे, किंबहुना सभागृहाचे, अखेरचे शस्त्र आहे; ते बोथट करू नये. वर सुचविलेल्या कायद्यात ते बोथट होत नाही. लेखानुदानावर मतदान होतच आहे. ज्या मंत्रिमंडळाला ते संमत करून घेता येणार नाही, त्याला जावेच लागेल. कायदा एवढेच सांगतो की मत टाळता येणार नाही, आणि मताच्या आड लपून कोणी शिपायाचा पगार ओलीस धरणार नाही.

असा कायदा मुंबईत आपोआप होणार नाही. अर्थसंकल्प हा तज्ज्ञांचा विषय आहे, असे सांगून सामान्य माणसाला त्यापासून दूर ठेवले जाते. कार्यकर्त्यांनी हा समज मोडावा. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचून घ्यावे. कोणती रक्कम मंजूर झाली, कोणती हातात आली आणि कोणती परत गेली, या तीन आकड्यांची मागणी पंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत करावी. आपल्या आमदाराने कोणत्या मागणीवर किती मिनिटे भाषण केले, हे त्याला मतदारसंघात विचारावे. १९२४ साली कौन्सिलातील मंडळींना तिजोरीचे महत्त्व कळले होते, पण किल्ली गव्हर्नरच्या खिशात होती. १९५० पासून ती लोकांच्या प्रतिनिधींची आहे. ती त्यांच्याच हातात राहते की नाही, यावर लक्ष ठेवणे हे मतदानाइतकेच नागरिकाचे कर्तव्य होय.