अरण्यापलीकडील देश

युरोपच्या नकाशावर कार्पेथियन पर्वताची रांग शोधून काढणें अवघड नाहीं. पोलंडच्या दक्षिणेकडून ती आग्नेयीस उतरते, रुमानियाच्या मध्यभागीं ब्राशोव शहराजवळ एकाएकी पश्चिमेस वळते आणि थेट डॅन्यूब नदीला जाऊन भिडते. कोयत्याच्या पात्यासारख्या ह्या वळणाच्या पोटांत जो उंचवट्याचा मुलूख आहे, त्याला ट्रान्सिल्व्हेनिया असें म्हणतात. पूर्वेस व दक्षिणेस कार्पेथियनची भिंत, पश्चिमेस आपुसेनी नांवाचे बुटके डोंगर आणि मध्यें टेकड्या, कुरणें व नद्यांचीं खोरीं, अशी त्याची घडण आहे. दक्षिणेकडील फगराश डोंगरांतील मोल्दोव्यानू हें शिखर २५४४ मीटर उंच असून साऱ्या रुमानियांत त्याहून उंच शिखर नाहीं. परदेशांतील पुष्कळ वाचकांना हा मुलूख ठाऊक झाला तो १८९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ड्रॅक्युला ह्या कादंबरीमुळें. तिचा कर्ता ब्रॅम स्टोकर ह्यानें ही भूमि स्वतःच्या डोळ्यांनीं कधींच पाहिली नव्हती. कबरींतून उठणाऱ्या सरदाराची ही काल्पनिक कथा बाजूस ठेवली, तरी ह्या देशाच्या नुसत्या नांवांतच ऐकण्यासारखें पुष्कळ आहे.

ट्रान्सिल्व्हेनिया हा शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ 'अरण्यापलीकडील भूमि'. अकराव्या शतकांतील दस्तऐवजांतच ह्या अर्थाचा प्रयोग आढळतो. पण पलीकडील म्हणजे कोणाच्या पलीकडील? जो मेंढपाळ त्या कुरणांत राहतो, त्याच्या दृष्टीनें त्याचा देश कशाच्याच पलीकडे नाहीं. हें नांव हंगेरीच्या सपाट मैदानांत उभें राहून पूर्वेकडे पाहणाऱ्या माणसानें दिलेलें आहे. समोर डोंगरावरचें दाट रान आणि त्याच्या पाठीमागें हा देश. मग्यार लोकांच्या भाषेंत त्याला एर्देय म्हणतात. त्यांतही 'एर्दो' म्हणजे अरण्य हाच शब्द आहे. रुमानियन लोक आपल्या ह्या प्रदेशाला आर्द्याल म्हणतात, आणि तो शब्दही मग्यार नांवावरूनच आला, असें बहुतेक भाषापंडितांचें मत आहे. जर्मन भाषेंतील झीबेनब्युर्गेन ह्या नांवाचा अर्थ मात्र निराळा आहे, 'सात किल्ले'. तें नांव अरण्य पाहणाऱ्याचें नाहीं. तें तट बांधून, बाजारपेठा वसवून राहिलेल्या माणसांचें आहे.

रुमानियन शेतकऱ्याचा स्वतःचा शब्द ह्याहून लहान मापाचा आहे. डोंगरांनीं वेढलेल्या एकेका खोऱ्याला तो 'त्सारा', म्हणजे देश, म्हणतो. लॅटिन 'टेरा' ह्या शब्दाचेंच तें रूप होय. हात्सेगचा देश, फगराशचा देश, ब्राशोवजवळील बर्सेचा देश, आपुसेनी डोंगरांत मोत्स लोकांचा देश, अशा ह्या चिमुकल्या देशांना ना राजा होता, ना नाणें. डोंगराची कड हीच त्यांची सरहद्द.

ह्या लोकांच्या तोंडीं लॅटिन कोठून आलें, ही कथा इ. स. १०६ पासून सुरू होते. त्या वर्षीं रोमन सम्राट ट्रेजन ह्यानें डेशिया देशाचा राजा डेसिबलस ह्याचा शेवटचा पराभव केला, डेसिबलसनें आत्महत्या केली, आणि देश रोमन प्रांत झाला. आपुसेनी डोंगरांत सोनें होतें. रोमनांनीं तेथें खाणी खणल्या. पुढें अवघ्या पावणेदोनशें वर्षांच्या आंत, सम्राट ऑरेलियनच्या काळीं, रोमन सैन्य व अधिकारी डॅन्यूबच्या दक्षिणेस परत गेले. मागें कोण उरलें? ह्या एका प्रश्नावर गेलीं अडीचशें वर्षें पुस्तकांमागून पुस्तकें लिहिलीं गेलीं आहेत.

नांवांची साक्ष मोठी चमत्कारिक आहे. नापोका, अपुलम, पोटाइसा, पोरोलिसम हीं रोमन नगरांचीं नांवें लोकांच्या जिभेवरून पार पुसलीं गेलीं. तीं पंडितांना सांपडलीं तीं शिलालेखांत व जुन्या ग्रंथांत. नद्यांचें तसें झालें नाहीं. मुरेश, सोमेश, ओल्ट हीं नांवें रोमनांच्याही पूर्वीचीं आहेत आणि तीं अजून चालू आहेत. अम्पेलम नांवाचें रोमन खाणगांव होतें. त्या गांवाला पुढें स्लाव्ह भाषेंत सोन्यावरून झ्लात्ना हें नांव पडलें, पण त्याच्या शेजारून वाहणारी नदी अजूनही अम्पोई म्हणूनच ओळखली जाते. गांवें उठतात, जळतात, नवे लोक येऊन तीं पुन्हां बसवितात. नदीचें नांव मात्र नवा माणूस काठावरच्या जुन्या माणसाला विचारूनच घेतो. आतां तो जुना माणूस कोणती भाषा बोलत होता? रुमानियन इतिहासकार म्हणतात, लॅटिन. म्हणजे आमचे पूर्वज येथून कधीं हललेच नाहींत. मग्यार इतिहासकार म्हणतात, ह्या नांवांचीं आजचीं रूपें स्लाव्ह व मग्यार लोकांच्या तोंडून आलेलीं दिसतात. रुमानियन मेंढपाळ बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडून आले. १८७१ मध्यें रॉझ्लर नांवाच्या ऑस्ट्रियन पंडितानें ह्या दुसऱ्या पक्षाची मांडणी केली, तेव्हांपासून हा वाद अधिकच पेटला.

हा केवळ पंडितांचा खेळ असता, तर त्याला एवढी धार आली नसती. १४३८ मध्यें ट्रान्सिल्व्हेनियांतील उमराव, जर्मन सॅक्सन व सीमारक्षक सेकेय ह्या तीन 'राष्ट्रांनीं' आपसांत करार केला, आणि राज्यकारभाराचा हक्क ह्या तिघांतच राहिला. रुमानियन लोक ह्या गणतींत नव्हते. अठराव्या शतकांत ते लोकसंख्येनें सर्वांत अधिक होते, तरी कायद्याच्या दृष्टीनें त्यांचें राष्ट्र नव्हतें, आणि त्यांच्या ऑर्थोडॉक्स धर्मालाही मान्यता नव्हती. तो केवळ चालवून घेतलेला होता. १७८४ सालीं होरिया, क्लोश्का व क्रिशान ह्यांच्या पुढाऱ्यपणाखालीं मोत्स शेतकरी उठले. क्रिशाननें तुरुंगांत स्वतःचा अंत करून घेतला. इतर दोघांना पुढच्या वर्षीं चाकावर हाडें मोडून ठार मारण्यांत आलें. १७९१ मध्यें रुमानियन पुढाऱ्यांनीं सम्राटाकडे अर्ज पाठविला, त्यांत मुख्य मुद्दा हाच होता कीं, आम्ही ट्रेजनच्या वसाहतवाल्यांचे वंशज, म्हणजे येथील सर्वांत जुने रहिवासी आहों. अर्ज फेटाळला गेला. ज्याच्याजवळ जमिनीचा कागद नाहीं, त्यानें नदीचें नांव पुराव्यादाखल पुढें करावें, ह्यांत नवल तें काय?

शहरांकडे वळलें म्हणजे एकाच ठिकाणाचीं तीन-तीन नांवें भेटतात. क्लूझ, कोलोझवार व क्लाउझेनबुर्ग हें एकच शहर. सीबिऊ, नॉद्यसेबेन व हेर्मानश्टाट हें दुसरें. सॅक्सन लोक बाराव्या शतकाच्या मध्यांत हंगेरीच्या राजाच्या बोलावण्यावरून आले. नांव सॅक्सन असलें, तरी त्यांतील बहुतेक ऱ्हाइन व मोझेल नद्यांकडचे होते, आणि त्यांची बोली आजही लक्झेंबुर्गच्या बोलीला जवळची आहे. कांहीं जोड्या तर सरळ भाषांतरें आहेत. सेकेय मुलुखांतील चीकसेरेदा ह्या मग्यार नांवाचें रुमानियन रूप म्येर्कुर्या च्युक. दोहोंचाही अर्थ 'च्युकचा बुधवार'. बुधवारीं तेथें बाजार भरत असे. पुण्याची बुधवार पेठ ज्यांच्या ओळखीची आहे, त्यांना हें नांव परकें वाटणार नाहीं.

अपुलमचें पुढें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या पांढुरक्या अवशेषांवरून स्लाव्ह भाषेंत बलग्राद, 'पांढरा कोट', हें नांव पडलें. मग्यारांनीं त्याला द्युलाफेहेरवार, म्हणजे द्युलाचा पांढरा कोट, म्हटलें. हॅब्सबुर्ग सम्राट सहाव्या चार्ल्सनें अठराव्या शतकांत तेथें नवा किल्ला बांधविला, तेव्हां जर्मन लोक त्याला कार्ल्सबुर्ग म्हणूं लागले. रुमानियन लोक बलग्रादच म्हणत. १६४८ मध्यें तेथें छापलेला रुमानियन नवा करार बलग्रादच्याच नांवानें ओळखला जातो. आजचें आल्बा यूलिया हें नांव लॅटिन कागदपत्रांतून उचललेलें आहे. १ डिसेंबर १९१८ रोजीं रुमानियन लोकांची प्रचंड सभा ह्याच गांवीं भरली आणि रुमानियाशीं एक होण्याचा ठराव झाला. त्या वेळीं बलग्राद हें स्लाव्ह नांव वापरणें कोणालाच रुचलें नसतें.

हीं नांवें शतकानुशतकें शेजारीं शेजारीं नांदलीं, कारण सरकारचें त्यांकडे फारसें लक्ष नव्हतें. बाजारांतील माणूस ज्याच्याशीं बोले, त्याच्या भाषेंतलें नांव घेई. हंगेरीच्या १८९८ च्या चौथ्या कायद्यानें हा व्यवहार मोडला. प्रत्येक गांवाला एकच अधिकृत नांव असावें, असें ठरलें, आणि तें मग्यारच असावें, हा कटाक्ष होता. ज्या रुमानियन खेड्यांत औषधालाही मग्यार माणूस नव्हता, त्यांनाही कचेरींत बसून मग्यार नांवें ठरवून देण्यांत आलीं. टपालाचे शिक्के, नकाशे, सारे बदलले. १९२० च्या तहानें ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे गेला, तेव्हां तेच शस्त्र उलट्या दिशेनें चाललें. ३० ऑगस्ट १९४० च्या व्हिएन्ना निवाड्यानें उत्तर भाग हंगेरीस परत मिळाला. पाट्या पुन्हां उतरल्या. १९४४ नंतर तिसऱ्यांदा. क्लूझमध्यें १८९० सालीं जन्मून जन्मभर गांव न सोडलेल्या माणसाचा देश अशा रीतीनें तीनदां बदलला.

साम्यवादी राजवटीनें ह्यांत आपली भर घातली. १९५० मध्यें ब्राशोवचें नांव स्टालिनचें शहर असें झालें, आणि शहरावर झुकलेल्या तंपा डोंगराच्या उतरणीवर स्टालिनचें नांव अक्षराअक्षरानें झाडें लावून लिहिण्यांत आलें. दहा वर्षांनीं नांव गेलें. झाडांना तें एका दिवसांत कळणें शक्य नव्हतें. आतां त्याच डोंगरावर 'ब्राशोव' अशीं मोठालीं पांढरीं अक्षरें उभीं आहेत. १९७४ मध्यें चाउशेस्कूनें क्लूझच्या पुढें नापोका हा शब्द जोडला. मेलेलें रोमन नांव सुमारें सतराशें वर्षांनीं फर्मानानें जिवंत झालें. १९८८ मध्यें तर मग्यार व जर्मन वृत्तपत्रांनांही गांवांचीं नांवें केवळ रुमानियन रूपांतच छापावीं लागूं लागलीं. स्वतःच्या भाषेंत लिहितांना स्वतःच्या गांवाचें नांव लिहिण्याची मनाई, ही ह्या साऱ्या कथेंतील सर्वांत क्षुद्र गोष्ट होय.

राजवट कोसळल्यावर, २००१ च्या कायद्यानें, जेथें अल्पसंख्य लोक शेंकडा वीसांहून अधिक आहेत, तेथें त्यांच्या भाषेंतही पाटी लावण्याचा हक्क मिळाला. सॅक्सन लोकांना मात्र त्याचा उपयोग फारसा उरला नाहीं. चाउशेस्कूच्या काळांत पश्चिम जर्मनी माणशीं पैसे मोजून त्यांना सोडवून नेत होती. १९९० ह्या एका वर्षांत सॅक्सन व इतर मिळून एक लाखाहून अधिक जर्मन रुमानिया सोडून गेले. त्यांच्या खेड्यांतील तटबंदीचीं चर्चें उभीं आहेत, कांहीं वेशींवर जर्मन नांवेंही पुन्हां लागलीं आहेत. तीं उच्चारणारे थोडे म्हातारे तेवढे उरले आहेत.

वायव्य टोंकाला सातु मारे नांवाचें शहर आहे. ह्याचा रुमानियन अर्थ 'मोठें गांव'; पण तें नांव पहिल्या महायुद्धानंतर बसविलेलें आहे. मूळ मग्यार नांव सॉत्मार, तें बहुधा कोणा माणसाच्या नांवावरून पडलें असावें, आणि तेथील यहुदी आपल्या यिडिश बोलींत त्याला साटमार म्हणत. १९४४ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं हंगेरीच्या ताब्यांतील ह्या भागांतून लाखाहून अधिक यहुदी आउशविट्झला नेण्यांत आले. साटमारचे यहुदीही त्यांत होते. तेथील धर्मगुरु योएल टाइटेलबाउम वांचले आणि युद्धानंतर अमेरिकेंत गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत त्यांच्या अनुयायांचा पंथ आज हजारों कुटुंबांचा आहे. तेथील मुलांना कार्पेथियन पर्वत कोणत्या दिशेला आहे, हें कदाचित् सांगतां येणार नाहीं. पण तुम्ही कोण, असें विचारलें कीं तीं म्हणतात, साटमार.